पहिल्या प्लास्टरचा आक्षेप

इमारतीतली माणसं त्यांना पाठीमागे आक्षेपराव म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की म्हणायचं तर तोंडावर म्हणा, म्हणजे त्यावर रीतसर आक्षेप घेता येईल.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. उभी हयात त्यांनी एका मोठ्या कचेरीच्या बिल तपासणी विभागात काढली होती. जगभराची बिलं त्यांच्या टेबलावर यायची आणि बहुतेक आल्या पावली परत जायची. त्यासाठी कचेरीतून एक पेन्सिल मिळे, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. लाल आक्षेपासाठी, निळी मान्यतेसाठी. निवृत्त होताना शेवटची पेन्सिल त्यांनी घरी आणली, तीही साहेबांची लेखी परवानगी घेऊन. लाल टोक तासून तासून ती आता बोटाएवढी उरली होती. निळ्या टोकाला मात्र कधी पातं लागलेलंच नव्हतं. कारखान्यातून आली तशी ती त्या बाजूनं कोरी करकरीत होती. जे बरोबर आहे त्यावर लिहायचं काय, असा त्यांचा सवाल असे, आणि त्याला उत्तर देणारा माणूस कचेरीत जन्माला आला नव्हता.

तर हा सगळा प्रकार सुरू झाला तो एका स्टुलापासून. घरातल्या स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता. सुतार आला, त्यानं स्टूल उलटंपालटं करून बघितलं आणि कागदाच्या चिटोऱ्यावर अंदाज लिहून दिला: चारही पाय आवळणे. आक्षेपरावांनी विचारलं, डुगडुगतो एक, मग आवळायचे चार कशासाठी? सुतार म्हणाला, "साहेब, एक आवळला की बाकीचे तीन त्याच्याकडे बघून ढिले होतात." ही कारणमीमांसा कुठल्याच नियमात बसत नव्हती. चिटोऱ्यावर लाल शेरा पडला, सुतार तरातरा निघून गेला, चिटोरं ड्रॉवरमध्ये गेलं आणि स्टूल होतं तिथेच डुगडुगत राहिलं.

त्याच स्टुलावर त्यांची बायको चढली. तिला सगळी इमारत काकू म्हणे, आपणही काकूच म्हणू. माळ्यावरून शिवणाच्या कापडांची पेटी काढायची होती. परगावी असलेल्या लेकीला सातवा महिना लागला होता, आणि काकूंनी बाळासाठी झबली शिवायला घेतली होती. पेटी खाली आली, तिच्या आधी काकू आल्या, आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं.

 काकूंनी नुसतं स्टुलाकडे बघितलं. आक्षेपरावांनीही बघितलं, आणि मग रिक्षा आणायला जरा जास्तच घाईनं निघून गेले.

हॉस्पिटलात पहिलं प्लास्टर एका शिकाऊ डॉक्टरनं घातलं. मुलगा उत्साही होता. प्लास्टर त्यानं इतकं आवळून घातलं, की सकाळपर्यंत काकूंची बोटं निळी पडली. मग मोठे डॉक्टर आले, शिकाऊ डॉक्टरकडे बघून एकदा खोल श्वास घेतला, पहिलं प्लास्टर कापून टाकलं आणि दुसरं घातलं. दीड महिन्यानं काढायला या, म्हणाले. इथवर सगळं ठीक होतं. मग बिल आलं.

बिल आलं की आक्षेपरावांच्या अंगात एक वेगळाच माणूस यायचा. चष्मा आपोआप नाकाच्या शेंड्यावर घसरायचा. त्यांनी काउंटरवरच्या बाईंना अदबीनं विचारलं, "पेशंटला हात किती?"

काउंटरवरच्या बाईंना सर्दी झाली होती. त्या रुमालाआडून म्हणाल्या, "दोन."

"त्यातले मोडलेले?"

"एक."

"मग प्लास्टरं दोन कशी?"

"दोन घातली म्हणून दोन."

"पहिलं तुम्ही चुकीचं घातलंत."

"पण घातलं ना? सामान तर गेलंच."

आक्षेपराव म्हणाले, पहिल्याचे वजा करून बाकीचे सगळे पैसे आत्ता, याच पावली देतो. बाई म्हणाल्या, कॉम्प्युटर अर्धं बिल घेत नाही. तेव्हा आक्षेपरावांनी खिशातून ती पेन्सिल काढली, आणि हॉस्पिटलच्या प्रतीवर, समासात, जन्मभर लिहीत आले ते वाक्य लिहिलं: पहिल्या प्लास्टरची रक्कम अमान्य. लेखी खुलासा होईपर्यंत पुढील सर्व कार्यवाही स्थगित ठेवावी. खाली सही केली.

या एका वाक्यानं त्यांनी रस्ते थांबवले होते, पुलांचे कठडे थांबवले होते, एकदा तर खुद्द आपल्याच कचेरीतले पंखे कित्येक उन्हाळे थांबवले होते आणि त्याखाली घाम पुसत बसण्यात त्यांना केवढा तरी अभिमान वाटला होता. बाईंनी शेरा वाचला, नाक पुसलं आणि कागद फायलीत लावला. हातावरचं प्लास्टर काही उतरवून घेता येत नव्हतं, म्हणून दोघांना घरी जाऊ दिलं.

पुढचा दीड महिना आक्षेपरावांनी घर चालवलं. कसं चालवलं हे विचारू नये. भाजी निवडायला बसले की प्रत्येक पान तपासून बाजूला काढत, त्यामुळे निवडलेली भाजी मूठभर आणि नाकारलेली टोपलीभर असे. काकू डाव्या हातानं जमेल तेवढं करत आणि बाकीच्या वेळी मशीनवर पडलेल्या कापलेल्या झबल्यांकडे बघत बसत. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी. डाव्या हातानं मशीन फिरतं, पण कापड धरायला दुसरा हात लागतो.

प्लास्टरच्या आत खाज सुटते, ही गोष्ट डॉक्टर सांगत नाहीत आणि ज्याला प्लास्टर नाही त्याला कळत नाही. एका दुपारी काकूंना ती इतकी असह्य झाली, की टेबलावरची पेन्सिल उचलून त्यांनी प्लास्टरच्या फटीतून आत घातली. क्षणभर स्वर्गसुख मिळालं. दुसऱ्या क्षणी पेन्सिल हातातून सुटली आणि आत गेली. हात झटकला, उलटा धरला, दारावर हलकेच आपटलासुद्धा. पेन्सिल बाहेर आली नाही.

संध्याकाळी आक्षेपरावांनी पेन्सिलीसाठी घर डोक्यावर घेतलं तेव्हा काकूंनी सांगून टाकलं, "इथे आहे." आणि प्लास्टर पुढे केलं.

आक्षेपराव त्या पांढऱ्या हातावर वाकले. मग म्हणाले, "लाल टोक वर आहे की निळं?"

"मला काय माहीत?" काकू म्हणाल्या. "टोचतं मात्र आहे."

दीड महिना संपला. ठरल्या दिवशी दोघं हॉस्पिटलात गेली. काकूंनी लेकीला फोनवर सांगून ठेवलं होतं, की आज हात सुटला की उद्याच गाडीत बसते. लेक पहिलटकरीण, जावयाची नोकरी फिरतीची, घरात तिसरं माणूस नाही. "आई, तू आलीस की मला भीती नाही," असं तिनं चारदा म्हटलं होतं. काकूंची पिशवी दाराशी भरून तयार होती.

प्लास्टर कापणाऱ्या माणसानं हात टेबलावर घेतला, यंत्र उचललं, फाईल उघडली आणि यंत्र खाली ठेवलं.

"हे थांबवलंय," तो म्हणाला.

"कुणी?" आक्षेपराव गरजले.

त्यानं फाईल फिरवून दाखवली. लाल अक्षर होतं, ठसठशीत, वळणदार. पुढील सर्व कार्यवाही.

आक्षेपराव तडक काउंटरवर गेले. बाईंची सर्दी गेली होती, पण आवाज तोच होता. "साहेब, पेशंटच्या घरच्यांनी थांबवा म्हणून लिहून दिलं, की आम्ही हात लावत नाही. उद्या तुम्हीच म्हणाल, लिहून दिलं होतं तरी कापलंत."

 आक्षेपराव स्वतः त्या खुर्चीत असते तर शब्द न् शब्द हेच बोलले असते, आणि हीच गोष्ट त्यांना जास्त लागली. ते म्हणाले, "मग खुलासा द्या. खुलासा दिलात की स्थगिती आपोआप उठते."

"खुलासा वरच्या साहेबांकडे गेलाय."

"वरचे साहेब कुठे आहेत?"

"वर."

"मी आक्षेप मागे घ्यायचा नाही," आक्षेपराव म्हणाले. त्यांच्या कचेरीत आक्षेप आणि स्थगिती ही जोडगोळी होती. एक जिवंत असताना दुसरी उठवणं म्हणजे आक्षेपाचं नाक कापणं. एका साहेबांनी एकदा तसं केलं होतं, तर विभागात कुणी त्यांच्याबरोबर चहा प्यायला नव्हतं. दोघं घरी परतली. दाराशी पिशवी होती. काकूंनी ती उचलून आत नेली आणि त्यातलं काही बाहेर काढलं नाही.

ही बातमी इमारतीत पसरायला जिना चढण्याएवढा वेळ लागला. पहिले आले तळमजल्यावरचे वकील. हे वकील कोर्टात फारसे दिसत नसत, जिन्यात मात्र नेहमी भेटत. त्यांनी प्लास्टर दोन्ही बाजूंनी न्याहाळलं आणि गंभीर आवाजात सांगितलं, "याला धक्का लावू नका. वाद प्लास्टरचा आहे ना? मग हा मुद्देमाल आहे."

"माझा हात मुद्देमाल?" काकूंनी विचारलं.

"हात नाही, काकू. हातावरचं. पण ते वेगळं करता येईपर्यंत हातही त्यात धरावा लागेल."

आक्षेपरावांना हे पटलं. काकूंना कुणी विचारलं नाही.

मग ते तक्रार निवारण कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं विचारलं, बिल भरलंत का? नाही म्हणाले. तर मग तुमचं नुकसान कुठे झालं? नुकसान नाही तर तक्रार नाही. आक्षेपराव म्हणाले, बरं, भरून येतो. कारकून म्हणाला, भरलंत म्हणजे तुम्हाला मान्य होतं. मान्य होतं तर तक्रार कसली?  असा हुशार माणूस आपल्या हाताखाली असता तर, असं आक्षेपरावांच्या मनात येऊन गेलं. बाहेर आल्यावर मात्र पायऱ्यांवर त्यांना थोडं बसावं लागलं.

दुसऱ्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे काकूंना घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्यानं घातलेलं प्लास्टर मी आतलं हाड बघितल्याशिवाय कापत नाही, एक्स-रे आणा. एक्स-रे फायलीत, फाईल हॉस्पिटलात, हॉस्पिटल स्थगित. "मग इथे नवीन काढू," डॉक्टर म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

इथे प्रश्न सुटला होता. काकू उठूनही उभ्या राहिल्या होत्या. पण आक्षेपराव म्हणाले, "एकाच हाताचे दोन एक्स-रे? मग एकाच हाताच्या दोन प्लास्टरांनी काय घोडं मारलं होतं?" आणि तत्त्व घेऊन घरी आले. काकू मागून आल्या. रस्ताभर त्या काही बोलल्या नाहीत, आणि हे आपल्या मुद्द्याला मिळालेलं समर्थन आहे असं आक्षेपरावांना वाटलं. असं वाटून घ्यायची नवऱ्यांना सवयच असते.

शेवटी सुतारही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. हातात बारीक करवत होती. "काकूंसाठी आलोय," त्यानं दारातूनच स्पष्ट केलं. काकूंनी आनंदानं हात पुढे केला. करवत दोनदा फिरली, पांढरी भुकटी उडाली, तेवढ्यात खालून वकील "मुद्देमाल, मुद्देमाल!" असं ओरडत वर आले. त्या ओरडण्यानं सुताराचा हात हलला, काकू किंचाळल्या, आणि करवत कुणाच्याही अंगाला न लागता खाली पडली. सुतारानं ती उचलली. जाता जाता कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघितलं, मग आक्षेपरावांकडे बघितलं. "चार पाय," तो म्हणाला, आणि गेला.

त्या दिवसांत काकू अधूनमधून दुपारच्या बाहेर जात. भाजी आणायला जाते म्हणत, आणि पिशवीत भाजी नसे. आक्षेपराव तेव्हा खुलाशासाठी स्मरणपत्र लिहीत बसलेले असत. एका संध्याकाळी काकू त्यांच्या समोर येऊन बसल्या.

"अहो, मी काय म्हणते. त्या काउंटरवरच्या बाई सांगत होत्या, एकच ओळ—"

"एक ओळ काय, एक वेलांटीसुद्धा मागे घेणार नाही!"

"मागे घ्यायची नाहीच आहे, ऐका तर—"

"तू यात पडू नकोस. तुला यातलं कळत नाही."

काकू उठल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा आक्षेपरावांनी पंख्यांची गोष्ट सांगितली. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं "अहो" म्हटलं आणि स्वतःच थांबल्या. काउंटरवरच्या बाई हिला भेटल्या कधी, हा साधा प्रश्नही आक्षेपरावांना पडला नाही. दुसऱ्यांच्या बिलातली पुसट अक्षरं उजेडाकडे धरून वाचणारा माणूस!

आणि मग एका सकाळी लेकीचा फोन आला. बाळ झालं होतं, थोडं आधीच. मुलगी. दोघी सुखरूप होत्या. आक्षेपरावांनी फोन घेतला, बाळाचं वजन विचारलं आणि ते दोनदा वदवून घेतलं. काकूंनी फोन घेतला. पलीकडून लेकीचा आवाज बाहेर ऐकू येत होता, "आई, इतकी लहान आहे ती. मला तिला उचलायची भीती वाटते. कधी येतेस?"

"येते," काकू म्हणाल्या. "येतेच." आणि फोन ठेवला.

आक्षेपराव स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. आनंदानं त्यांनी साखर मोजली नाही, यावरून काय ते समजावं. दोन कप घेऊन बाहेर आले, आणि खोलीच्या दाराशी थबकले.

काकूंची दाराकडे पाठ होती. त्यांनी पलंगावरची लहान उशी उचलली होती. डावा हात खालून, प्लास्टरचा हात वरून, असं करून त्या ती उशी छातीशी धरायला बघत होत्या. प्लास्टर कोपरात अडत होतं, मनगट वळत नव्हतं. एकदा जमलं. त्यांनी उशी हलकेच डोलवली. दुसऱ्यांदा बाजू बदलायला गेल्या, आणि उशी निसटून फरशीवर पडली. काकू पटकन खाली वाकल्या, उशी उचलली, झटकली, आणि तिच्यावर डावा हात फिरवत म्हणाल्या, "लागलं नाही ना गं?"

आक्षेपरावांनी दोन्ही कप तिथेच जमिनीवर ठेवले. त्यांना लाज वाटली. आजवर अपमान खूप वाटले होते, लाज अशी ही पहिलीच.  ते आत गेले नाहीत. चपला घातल्या आणि जिना उतरले. वकील जिन्यात होतेच. "कुठे निघालात?" त्यांनी विचारलं. आक्षेपरावांनी उत्तर दिलं नाही, आणि हे इमारतीच्या इतिहासात प्रथमच घडलं.

काउंटरवर त्यांनी पाकीट पालथं केलं. "घ्या. दोन्ही प्लास्टरांचे घ्या. तिसऱ्याचे हवे असतील तर तेही घ्या. पण आज हात सोडवा."

बाईंनी कॉम्प्युटरकडे बघितलं. "हे बिल आता घेता येणार नाही, साहेब."

"का?"

"तुमचा आक्षेप मान्य झालाय. कालच वरच्या साहेबांनी फोनवर कळवलं, लेखी खुलासा मागून येतोय. पहिल्या प्लास्टरचे पैसे रद्द. सुधारलेलं बिल मुख्य कचेरीतून घरी येईल."

जन्मभर ज्या क्षणाची माणसानं वाट बघावी तो क्षण हा असा आला, आणि आक्षेपराव काउंटरची कड धरून ओरडले, "पण मला जुनंच भरायचंय!"

"चुकीचं बिल कसं घेऊ? तुम्हीच सांगा."

रांगेतले लोक कुजबुजायला लागले. चुकीचं बिल भरू द्या म्हणून भांडणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. आक्षेपरावांचा आवाज एकदम खाली आला. "बाई, बिलाचं राहू द्या. माझ्या बायकोचा हात हवाय मला. नात झालीये."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, पण हात बिलासाठी अडलाच कधी होता? आक्षेप तुमचा तुमच्यापाशी राहू द्यायचा, 'प्लास्टर काढण्यास हरकत नाही' एवढी एक ओळ खाली लिहायची. काकूंना पहिल्याच खेपेला सांगितलं होतं मी."

"काकूंना?"

"तीनदा येऊन गेल्या. शेवटच्या वेळी तर ती ओळ स्वतःच लिहून आणली होती, डाव्या हातानं. खाली तुमची सहीही गिरवली होती. बघून मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, काकू, हे नाही चालायचं, ज्यांनी थांबवलं त्यांनीच लिहायला हवं. तुम्ही त्यांना सांगा ना. तर म्हणाल्या, सांगतेय."

 आक्षेपरावांनी सवयीनं खिसा चाचपला. पेन्सिल नव्हती. बाईंनी आपलं पेन पुढे केलं, आणि त्यांनी ती एक ओळ लिहिली. अक्षर इतकं वाकडं आलं, की बाईंनी सही दोनदा पडताळून पाहिली.

दुपारी ते काकूंना घेऊन आले, आणि प्लास्टर कापणाऱ्या माणसानं पुन्हा तो हात टेबलावर घेतला. यंत्राची घरघर झाली, प्लास्टर दोन फाकांत उघडलं, आणि पेन्सिल घरंगळत जमिनीवर पडली. ती आक्षेपरावांनी उचलली नाही. ते हाताकडे बघत होते. तो हात त्यांच्या ओळखीचा नव्हता. वाळलेला, सालं सुटलेला, मनगटापाशी पेन्सिलीनं पाडलेला लालभडक वण, आणि बोटं अर्धवट मिटलेली. काकूंनी ती उघडायचा प्रयत्न केला. अर्धीच उघडली.

"जास्त दिवस राहिलं ना आत," तो माणूस म्हणाला. "येईल हळूहळू. वेळ लागेल."

बाहेर बाकावर आक्षेपराव म्हणाले, "तू मला सांगायचंस तरी."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. रागानंसुद्धा नाही. "सांगत होते की," त्या म्हणाल्या.

एवढंच. आक्षेपरावांना वाटलं, हिनं दोन शब्द जास्त ऐकवले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खाली मान घालून म्हटलं, "चुकलं माझं." हे वाक्य त्यांनी याआधी फक्त इतरांकडून लिहून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं लेकीकडे पोचली. काकूंनी हात धुतले, पलंगावर बसल्या आणि बाळ मांडीवर घ्यायला हात पुढे केले. डावा हात घट्ट होता. उजवा थरथरत होता, आणि बाळाच्या डोक्याखाली तो टिकेना. लेक "आई, जपून" म्हणायच्या आत आक्षेपराव गुडघे टेकून समोर बसले आणि त्यांनी काकूंच्या त्या हाताखाली आपला तळवा धरला. बाळाचं डोकं काकूंच्या हातात, काकूंचा हात त्यांच्या हातात, असं बराच वेळ राहिलं. त्यांचे गुडघे दुखायला लागले. ते हलले नाहीत. लेकीनं विचारलं, "बाबा, काय बघताय एवढं?" ते म्हणाले, "काही नाही. सगळं बरोबर आहे." आणि मग डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसेच वाहू दिले.

दोघं तिथून परत आली तेव्हा दाराखाली पाकीट पडलं होतं. सुधारलेलं बिल, आणि त्याला टाचलेलं एक छोटं पाकीट, त्यात पेन्सिल. आक्षेपराव खुर्चीत बसले, चष्मा घसरला, काकू समोर हाताचे व्यायाम करत बसल्या होत्या. प्लास्टर, नग एक. बरोबर. एक्स-रे, नग एक. बरोबर. आणि शेवटी नवीनच एक रकाना होता: प्लास्टरमधील परकीय वस्तू काढणे, नग एक. त्याचे पैसे पहिल्या प्लास्टरइतकेच लावले होते, पैचाही फरक नव्हता.

आक्षेपरावांच्या कानशिलाशी एक शीर ताठ झाली. पेन्सिल काढावी लागलीच नव्हती, ती आपली आपण पडली होती. जमिनीवरून उचलून तिला पाकिटात घालणारा तो माणूस फार तर वाकला असेल. वाकण्याचे पैसे! बिलाला टाचलेल्या त्या पाकिटातून त्यांनी पेन्सिल काढली. लाल टोक अजूनही टोकदार होतं.

"काय हो," काकूंनी विचारलं, "चूक सापडली?"

आक्षेपरावांनी वर बघितलं. काकू बोटं उघडत होत्या, मिटत होत्या. वण आता फिकट झाला होता. ते उठले, पातं शोधलं, आणि पेन्सिल उलटी करून तिचं निळं टोक तासायला बसले. इतकी वर्षं हात न लागलेलं ते लाकूड कडक झालं होतं, आणि शिसं पहिल्यांदा मोडलं. दुसऱ्यांदा जमलं. मग बिलाच्या तळाशी त्यांनी सावकाश लिहिलं: मान्य.

काकू उठून त्यांच्या खांद्यामागे आल्या आणि तो शब्द वाचला.  मग त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघितलं.

"ते टोक काढलंच आहे," त्या म्हणाल्या, "तर सुताराचंही करून टाका."

आक्षेपरावांनी ड्रॉवर उघडला आणि चिटोरं शोधायला लागले.